पोरगं गेमिंग कॉम्प्युटर मागतंय? आधी गटात हिशेब करूया

पोरं आज मुद्दाम ऐकत असणार, कारण विषय त्यांचा आहे. गेमिंग कॉम्प्युटर. पहिल्यांदाच घ्यायचा, तोही कमी पैशात.

काही जणी म्हणतील, बचत गटाच्या कार्यक्रमात गेमचं काय काम? काम आहे. गेल्या दोन वर्षांत आम्ही ज्या गटांच्या बैठकांना जातो, तिथे अंतर्गत कर्जाच्या मागणीत हे कारण यायला लागलं आहे. शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, फी, बियाणं, आणि त्यांच्याच खाली ‘मुलासाठी कॉम्प्युटर’. विचारलं की कळतं, साधा नाही, गेमिंगचा पाहिजे. दुकानदाराने लिहून दिलेला आकडा असतो साठ हजार, सत्तर हजार. आईला त्यातला एक शब्द कळत नाही, आणि तिच्याच अंगठ्याशेजारी बाकीच्या नऊ जणींच्या बचतीचे पैसे असतात. म्हणून हा विषय आपला आहे.

एका गटाची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही. त्या ताईंच्या दोन म्हशी, दीड एकर कोरडवाहू. मुलगा डिप्लोमाला, मुलगी दहावीला. मुलाने दुकानातून कोटेशन आणलं, ७२ हजारांचं. ताईंनी बैठकीत ५० हजारांचं कर्ज मागितलं. एक काकू लगेच म्हणाल्या, “शेळीला कर्ज देतो ती दूध देते, हे यंत्र काय देणार?” दुसरी म्हणाली, “गटाने नाही दिलं तर ती फायनान्सवाल्याकडून आणेल, मग आठवड्याला हप्ता.” दोघींचंही खरं होतं. शेवटी ठरलं की हो किंवा नाही म्हणायच्या आधी कोटेशन समजून घ्यायचं. पुढच्या बैठकीला मुलालाच बोलावलं, आणि सांगितलं, प्रत्येक ओळ आम्हाला आमच्या भाषेत समजावून सांग. जी ओळ तुला सांगता येणार नाही ती आम्ही खोडणार.

तर आता आपणही तेच करू. कॉम्प्युटरच्या पेटीत काय काय असतं ते बघू.

पहिला प्रोसेसर. सगळा हिशेब तो करतो. दुसरा मदरबोर्ड. ही मोठी हिरवी-काळी पाटी, तिच्यावर बाकी सगळं बसतं. तिसरी रॅम. स्वयंपाक करताना आपला ओटा असतो ना, तशी. ओटा मोठा तर एका वेळी जास्त भांडी मांडता येतात. चौथी एसएसडी. ही फडताळ, सामान कायमचं ठेवायची जागा. पाचवं ग्राफिक कार्ड. पडद्यावरचं चित्र ते रंगवतं, आणि गेमच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात महाग बहुतेक हेच असतं. सहावा पॉवर सप्लाय. दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. घरातली वीज घेऊन प्रत्येक भागाला लागेल तेवढी वाटून देतो. सातवी पेटी, म्हणजे कॅबिनेट. आणि बाहेर पडदा, कीबोर्ड, माउस.

एवढं कळलं की कोटेशन वाचता येतं. त्या ७२ हजारांच्या कागदावर काय होतं? रंगीत दिवे लागणारी काचेची पेटी. प्रोसेसर थंड करायला पाण्याचा कूलर. दिवे असलेली रॅम, दिवे असलेला कीबोर्ड. गेमिंगची खुर्चीसुद्धा होती. पण पॉवर सप्लायच्या ओळीत कंपनीचं नावच नव्हतं, नुसतं ‘५०० वॉट’ लिहिलेलं. म्हणजे डोळ्याला दिसतं तिथे खर्च, आणि जिथे यंत्राचा जीव आहे तिथे काटकसर. दिव्यांमुळे गेम जोरात पळत नाही. साधा प्रोसेसर त्याच्याबरोबर येणाऱ्या पंख्यावर चालतो, पाण्याच्या कूलरची गरज नसते. खुर्ची घरात आहे.

मग मुलाला एकच प्रश्न विचारला, तू नेमके कोणते गेम खेळणार? मैत्रिणींनो, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, माइनक्राफ्ट हे गेम तुलनेने हलके. जीटीए-५ ची जुनी आवृत्ती सेटिंग कमी ठेवून साध्या यंत्रावर चालते. अलीकडचे मोठमोठे गेम मात्र वेगळ्या ग्राफिक कार्डाशिवाय नीट चालत नाहीत. मुलाने पहिल्यांदा दहा नावं सांगितली. त्यातले रोज कोणते, असं विचारल्यावर तीन उरली. तिन्ही हलके. मग ७२ हजारांचं कारणच उरलं नाही.

कमी पैशात पहिला कॉम्प्युटर करायचा एक सरळ रस्ता आहे. ज्याच्या पोटातच चित्र रंगवायची सोय आहे असा प्रोसेसर घ्यायचा, आणि वेगळं ग्राफिक कार्ड पुढे कधी जमेल तेव्हा. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा असा प्रोसेसर आहे. तो २०२१ साली आला. नावातलं ‘जी’ म्हणजे ग्राफिक आत आहे. इथे नीट लक्ष द्या. रायझन ५ ५५०० हा नावाने त्याचा भाऊ वाटतो, थोडा स्वस्तही असतो, पण त्यात चित्राची सोय नाही. तसंच इंटेलच्या प्रोसेसरच्या आकड्यापुढे ‘एफ’ असेल तर त्यातही ती सोय नाही. असा प्रोसेसर आणला आणि कार्ड नसेल, तर यंत्र चालू होईल, पंखा फिरेल, पण पडदा काळाच. तेव्हा आकड्यापुढचं एक अक्षरसुद्धा वाचून घ्यायचं. साडीचा नंबर बघतो तसं.

रॅमची एक युक्ती सांगतो. अशा प्रोसेसरला चित्र रंगवायला स्वतःची वेगळी मेमरी नसते, तो रॅममधूनच थोडी उसनी घेतो. म्हणून रॅम १६ जीबी हवी. आणि १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या घ्यायच्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो, आणि गेम पळण्यात स्पष्ट फरक पडतो. विहिरीवर एक मोटर आणि दोन मोटरी, तसंच.

फडताळ म्हणजे एसएसडी. निदान ५०० जीबी घ्या. जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क स्वस्त वाटते, पण तिच्यावर कॉम्प्युटर सुरू व्हायलाच चहा उकळून होतो. विंडोज एसएसडीवरच ठेवायचं.

पॉवर सप्लायवर मात्र काटकसर नको. ही ओळ आमच्यासाठी लिहून घ्या. बिननावाचा एसएमपीएस स्वस्त मिळतो, पण आपल्याकडे वीज कशी येते ते आपल्याला ठाऊक आहे. कधी दिवा मंद, कधी एकदम भगभगीत. असा एसएमपीएस जळाला तर एकटा जळत नाही, बोर्ड आणि बाकीचे भाग घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा, खोक्यावर ‘८० प्लस’ लिहिलेला, ४५० ते ५५० वॉटचा घ्या. पुढे मध्यम ग्राफिक कार्ड लावायचं झालं तरी तोच चालतो. उदाहरण सांगायचं तर रेडिऑन आरएक्स ६६०० या कार्डासाठी कंपनी स्वतःच ४५० वॉटचा सप्लाय सांगते.

आता पैशांकडे येऊ. त्या मुलाने दोन दुकानांतून नवीन कोटेशन आणली. त्यातल्या एकाचे आकडे सांगतो, ते गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातले आहेत. प्रोसेसर ११,५००. मदरबोर्ड ५,०००. रॅमच्या दोन पट्ट्या ३,४००. एसएसडी २,८००. एसएमपीएस ३,०००. पेटी २,३००. इथपर्यंत २८ हजार. कीबोर्ड-माउस १,०००. यूपीएस ३,०००. एकूण ३२ हजार. पडदा घेतला नाही. घरातला टीव्ही एचडीएमआय वायरने जोडला. बहुतेक नवीन टीव्हींना ती खाच असते, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो लावायचा, म्हणजे माउस हलवला की चित्र लगेच हलतं.

आज तुम्ही दुकानात गेलात तर हे आकडे मिळणार नाहीत. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडीचे भाव फार चढले. एआयसाठी जगभर मोठमोठी डेटा सेंटर उभी राहतायत, ती मेमरी उचलतात, आणि त्याचा चटका आपल्या तालुक्याच्या दुकानापर्यंत येतो. म्हणून पोराने वर्षापूर्वीचा व्हिडिओ दाखवून ‘एवढ्यात होतं’ म्हटलं तर त्यावर जाऊ नका. त्याच आठवड्यातलं कोटेशन, दोन ठिकाणांचं, ओळीनुसार आकड्यांसह. ‘फुल सेट एवढ्याला’ असं एका ओळीचं कोटेशन गटाने घ्यायचंच नाही.

भाव चढले असतील तर एक उपाय आहे. कॉम्प्युटर एकदम पूर्ण व्हायला पाहिजे असं नाही. घर बांधताना आपण आधी दोन खोल्या बांधतो, स्लॅब पुढच्या वर्षी. तसंच इथे. आज एक पट्टी घेऊन चालू करा, दुसरी चार महिन्यांनी. पडदा नंतर, ग्राफिक कार्ड त्याहून नंतर. मदरबोर्ड घेताना तेवढं विचारायचं, रॅमच्या खाचा किती आहेत, आणि हा प्रोसेसर या बोर्डावर लगेच चालेल का? जुन्या बोर्डांना कधी कधी आतला प्रोग्राम, म्हणजे बायोस, अपडेट करावा लागतो. ते दुकानदाराकडूनच करून घ्यायचं.

आता कर्जाचं गणित. ही आपली खरी कसोटी. त्या घरात असं ठरलं. मुलगा सुट्टीत द्राक्षाच्या बागेत कामाला गेला होता, त्याने ८ हजार घातले. आईच्या हातचे ४ हजार. गटाने २० हजार दिले. ५० मागितले होते, २० वर भागलं. गटाचं व्याज महिन्याला २ टक्के, शिल्लक रकमेवर. दरमहा १ हजार मुद्दल असे २० हप्ते. पहिल्या महिन्याला व्याज ४००, म्हणजे १,४००. शेवटच्या महिन्याला व्याज फक्त २०. सगळं व्याज मिळून होतं ४,२००. हेच मुद्दल २ हजारांच्या १० हप्त्यांत फेडलं तर व्याज २,२००. दुप्पट हप्ता दिला की व्याज जवळजवळ निम्म्यावर येतं.

आता हेच २० हजार बाहेरच्या कोणी तुम्हाला ‘२ टक्केच आहे ताई’ म्हणून दिले, पण व्याज शिल्लक रकमेवर न लावता पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लावलं, तर २० महिन्यांत ८ हजार जातात. टक्का तोच, पैसे जवळपास दुप्पट. म्हणून विचारायचं, व्याज कशावर? शिल्लक रकमेवर की मूळ रकमेवर? दुकानातल्या ‘बिनव्याजी हप्त्या’लाही दोन प्रश्न विचारायचे. प्रोसेसिंग फी किती? आणि रोखीने घेतलं तर किंमत किती कमी कराल? रोखीची किंमत कमी असेल तर तो फरक म्हणजेच व्याज.

आणि एक गोष्ट इतिवृत्तात स्पष्ट लिहायची. हे कर्ज कशातून फिटणार? “पोरगं गेम खेळून, व्हिडिओ टाकून कमावेल” हे उत्तर गटाने मान्य करायचं नाही. तसं कमावणारे आहेत, पण फार थोडे, आणि त्यांनाही वर्षं लागतात. त्या ताईंनी लिहून दिलं, दुधाच्या बिलातून. दोन म्हशींपैकी एक आटली तरी १,४०० निघतील का, हे गटाने विचारलं. त्या म्हणाल्या, निघतील, मुलगा शनिवार-रविवार कामाला जाईल. मुलाने बैठकीत सगळ्यांसमोर हो म्हटलं. मगच सह्या झाल्या. ज्या काकूंनी सुरुवातीला शेळीचं विचारलं होतं, त्यांनीही सही केली, पण एक अट घालून. ती अट पुढे सांगतो.

काही जणी विचारतील, जुना घेतला तर? घेता येतो. शहरातल्या ऑफिसांतून निघालेले कॉम्प्युटर स्वस्त मिळतात. अभ्यासाला, टायपिंगला, गटाचे हिशेब लिहायला ते छान. पण गेमसाठी घेताना तीन गोष्टी बघा. एक, प्रोसेसर कुठल्या पिढीचा? इंटेलच्या आय-५ ६५०० मधला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी. विंडोज १० ची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ कंपनीच्या नियमाप्रमाणे साधारण आठव्या पिढीपासून पुढेच बसतं. म्हणजे सहाव्या पिढीचं यंत्र आज स्वस्त का मिळतंय ते कळलं ना? दोन, ती चपटी बारीक पेटी असेल तर पुढे साधं ग्राफिक कार्ड त्यात मावत नाही, आणि तिचा पॉवर सप्लायही वेगळ्या मापाचा असतो. तीन, जुनं ग्राफिक कार्ड. आभासी चलन काढण्यासाठी लोकांनी अशी कार्डं रात्रंदिवस चालवली. २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं तसं काम थांबलं, आणि राबलेली कितीतरी कार्डं बाजारात आली. सगळीच खराब नसतात. पण आपल्यासमोर अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पडद्यावर रेघा, ठिपके दिसले, पंखा खरखरला, तर नमस्कार करून निघायचं.

जुनं सामान मोबाइलवर बघून घेणाऱ्यांनी आणखी सावध राहा. वस्तू बघायच्या आधी ‘टोकन’ पाठवायचं नाही. आणि पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातातच. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा.

नवीन घेताना पक्कं बिल घ्या. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणून दुकानदार ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणतो. पण बिल नाही तर वॉरंटीला धरायला काही नाही. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगवेगळी असते. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या, फोटो काढून ठेवा, खोकी वर्षभर माळ्यावर ठेवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव कमी मिळतो हे खरं आहे, पण प्रवासखर्च आणि पुढे भाग बिघडला तर पुन्हा जाण्याचा खर्च धरून बघा. कधी कधी तालुक्याच्या गावातला पाचशेने महाग दुकानदारच परवडतो.

जोडणी घरी करता येते. शिलाई मशीनचा डबा-बॉबिन बसवणारीला हे अवघड नाही. आधी हात कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो, तसाच बोर्डाच्या खाचेवर असतो. दोन्ही त्रिकोण जुळवायचे आणि अलगद ठेवायचं. जोर बिलकूल लावायचा नाही. या प्रोसेसरच्या खाली केसांसारख्या बारीक पिना असतात, एक वाकली की संपलं. रॅमला मात्र जोर लागतो, कट् आवाज येईपर्यंत दाबायची. पंख्याखाली करडा लेप आधीच लावलेला असतो, तो बोटाने पुसायचा नाही. मग बोर्डाला विजेच्या दोन वायरी, एक रुंद २४ पिनांची, एक छोटी प्रोसेसरजवळची. पहिल्यांदा चालू झालं नाही तर बहुतेक वेळा ती छोटी वायर विसरलेली असते किंवा रॅम पूर्ण बसलेली नसते. पुढे वेगळं ग्राफिक कार्ड लावाल तेव्हा पडद्याची वायर बोर्डातून काढून कार्डाला लावायची. बरेच जण ती तशीच ठेवतात आणि कार्डाचा उपयोगच होत नाही. त्या घरात मुलगा पत्रक वाचत होता आणि दहावीची बहीण पिना जुळवत होती. तिचा हात हलका होता.

विंडोजचं लायसन्स विकत मिळतं. पैसे नसतील तर उबुंटू ही मोफत प्रणाली आहे, अभ्यासाला उत्तम, पण व्हॅलोरंटसारखे काही गेम तिच्यावर चालत नाहीत. ‘क्रॅक’ केलेलं, चोरीचं काही टाकू नका. त्यातूनच व्हायरस येतो, आणि त्याच यंत्रावर तुम्ही उद्या बँकेचं पान उघडणार असता.

इंटरनेटचा एक हिशेब ऐका. काही मोठे गेम १०० जीबीचे असतात. मोबाइलच्या पॅकमध्ये रोज दीड जीबी मिळतो. १०० भागिले दीड, म्हणजे ६७ दिवस, आणि तेही घरात दुसऱ्या कोणी काही बघितलं नाही तर. म्हणून ज्याच्या घरी फायबर आहे अशा मित्राकडे कॉम्प्युटर नेऊन गेम उतरवून आणायचा, किंवा हार्ड डिस्कमधून आणायचा. स्टीमसारख्या ठिकाणी रीतसर घेतलेल्या गेमची फाइल अशी उचलून आणता येते.

वीज. असा साधा कॉम्प्युटर आणि टीव्ही मिळून २०० वॉट धरा. रोज ३ तास, ३० दिवस, म्हणजे १८ युनिट. मोठं कार्ड असलेलं यंत्र ४०० वॉट खात असेल तर ३६ युनिट. घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो. तुमचं बिल आज ९० युनिटवर असेल, तर हे १८ युनिट तुम्हाला पुढच्या दरात ढकलतात. हप्त्याबरोबर हाही खर्च लिहा.

यूपीएस म्हणजे लाइट गेल्यावर खेळत बसायची सोय नव्हे. १० मिनिटांत काम जपून यंत्र नीट बंद करायचं, एवढ्यासाठी तो. घराला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर समजायचं अर्थिंग नाही, तोवर वापरायचं नाही. वळवाचा पाऊस, विजा सुरू झाल्या की पिन काढून ठेवायची. पत्र्याच्या घरात पेटी पत्र्याजवळ उंचावर नको, आणि चुलीच्या धुराजवळ नको. जमिनीवरही नको, स्टुलावर ठेवा. मागच्या मोकळ्या खाचा पत्र्याच्या पट्टीने बंद करा, नाहीतर पाल आणि उंदीर आत घर करतात. आणि आपल्याला टीव्हीवर क्रोशाचा रुमाल घालायची सवय. यंत्र चालू असताना पेटीवर कापड घालायचं नाही, तिला वारा लागतो. दोन-तीन महिन्यांनी पिन काढून ब्रशने धूळ झाडायची.

आता काकूंची अट. त्या म्हणाल्या, “कर्ज आईच्या नावावर, मग यंत्र एकट्या पोराचं कसं? लेकीलाही तेवढाच वेळ पाहिजे.” त्यावर मुलगा म्हणाला, ती कुठे गेम खेळते? काकू म्हणाल्या, “तिला कधी खुर्ची मिळाली तर कळेल ना.” मग भिंतीवर कागद लागला. संध्याकाळी एक तास तिचा, एक तास त्याचा, रात्री साडेनऊला बंद, परीक्षेच्या महिन्यात फक्त रविवारी. आता ती मुलगी त्यावर एमएससीआयटीचा सराव करते, माइनक्राफ्टमध्ये घरं बांधते, आणि दर महिन्याला गटाचा जमाखर्च तक्त्यात भरून देते. गटाने तिला त्याचे पैसे ठरवून दिले आहेत.

खेळण्यात वाईट काही नाही. आपण सागरगोटे खेळलो, काचापाणी खेळलो. पण झोप, जेवण, शाळा सोडून पोरगं तिथेच बसत असेल, बंद करायला सांगितलं की अंगावर येत असेल आणि हे महिनोन्‌महिने चालू असेल, तर त्याला नुसतं रागावून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या अशा नादाला आजारांच्या यादीत घेतलं आहे. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. गेममधल्या पोशाख-बंदुकांच्या खरेदीसाठी आईचं यूपीआय किंवा कार्ड जोडायचं नाही. आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद झाले आहेत. कोणी लिंक पाठवली तरी तिथे जायचं नाही.

तर पुढच्या बैठकीत असा अर्ज आला, तर सचिवताईंनी सात प्रश्न वहीत लिहून ठेवा. कोणते गेम, नावानिशी? दोन कोटेशन ओळीनुसार आहेत का? पॉवर सप्लाय नाव असलेल्या कंपनीचा आहे का? आज काय नको, नंतर काय घेता येईल? घरातलं स्वतःचं किती घालणार, त्यात मुलाच्या कष्टाचं किती? हप्ता आणि वीजबिल कशातून? आणि घरातल्या मुलीला वेळ किती? सातांची उत्तरं आली तर कर्ज द्यायला घाबरू नका. दोनाचीही आली नाहीत तर नाही म्हणायलाही कचरू नका, पुढच्या महिन्यात परत या म्हणावं.

त्या ताईंचे आतापर्यंत नऊ हप्ते वेळेवर आले. दिवाळीनंतर एका महिन्यात म्हैस आजारी होती, तो हप्ता मुलाच्या मजुरीतून आला. ग्राफिक कार्ड अजून घेतलेलं नाही. मुलगा विचारतो अधूनमधून, आणि गट सांगतो, वीस हप्ते होऊ दे.

तुमच्या गटात असा काही अनुभव असेल तर केंद्रावर कळवा, आपण पुढे त्यावर बोलू. पुढच्या भेटीपर्यंत, नमस्कार.